भावाच्या हातची पाटी

अक्काच्या दुकानात मोडकी खुर्ची घेऊन येणारा माणूस आधी खुर्ची खाली ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि मगच तोंड उघडायचा. गाद्या, सोफे, खुर्च्यांच्या बैठका शिवणं हा अक्काचा धंदा, वडिलांकडून आलेला. ओठांत टाचण्या धरूनच ती गिऱ्हाइकाला झापायची. त्यामुळे अर्धं बोलणं टाचण्यांतच अडकायचं, पण जे बाहेर पडायचं तेवढ्यानेही समोरच्याला घाम फुटायचा. स्वस्तातलं रेक्झिन घाला म्हणणाऱ्या एका गृहस्थाला तिने एकदा विचारलं होतं, की खुर्ची फुकट मिळालीय की बूड फुकट मिळालंय. तो माणूस पुढची कितीतरी वर्षं तिच्याकडेच येत राहिला. काम तसंच असायचं तिचं. तिने ताणून बसवलेल्या कापडाला सुरकुती पडली असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची छातीही कुणाला झाली नाही.

तिने लग्न केलं नाही. विचारायला दोघे आले होते, पण दोघांनाही तिने त्यांच्या घरच्या सोफ्याची शिवण पाहूनच नाकारलं, असं तिचा धाकटा भाऊ सांगायचा. हा भाऊ दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायचा आणि त्याला सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे त्याचं काम. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. पुढे छापील पाट्या आल्या आणि त्याचं काम जुन्या गिऱ्हाइकांपुरतं उरलं, पण हात थरथरला नाही शेवटपर्यंत. स्वभावाने मात्र अगदी लोण्याचा गोळा. पाटीला लाल रंग लावू की निळा, हेसुद्धा गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय त्याला ठरवता येत नसे. देवाने सगळा राग बहिणीला वाटून टाकला आणि भावाची पाळी येईपर्यंत भांडं रिकामं झालं, असं शेजारचा चावीवाला म्हणायचा, तेही अक्का दुकानात नसताना.

पेंटर बहिणीकडे आला तो दोन दिवसांसाठी म्हणून. बायकोशी काहीतरी बिनसलं होतं. कारण क्षुल्लकच असणार, कारण नंतर ते दोघांनाही धड आठवेना. एका हातात ब्रशांचा डबा, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, आणि चेहरा असा की अक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी ती तडक भावजयीच्या घरी पोचली. आत जायचीही वाट पाहिली नाही. जिन्यातच तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो इमारतीतल्या सगळ्यांनी दारं उघडून ऐकला. त्या दिवशी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्यानंतर दोन दिवसांचा आठवडा झाला, महिना झाला, वर्षांमागून वर्षं गेली. पोटमाळ्यावर पलंग आला, टेबल आलं, पंखा आला. अक्का म्हणायची, एकदाचं कोर्टात जाऊन मोकळा हो. तो म्हणायचा, कशाला त्या भानगडी. आणि रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो नदीवर मासे धरायला निघून जायचा.

इतक्या वर्षांत त्याने एकही मासा घरी आणला नाही. अक्का विचारायची तेव्हा तो म्हणायचा, मासे हल्ली हुशार झालेत. गळ कुठाय, तर नावाड्याकडे ठेवतो, दर वेळी कोण वाहणार. अक्काला वाटे, ह्याला जगात काहीच धड जमत नाही, आणि त्या जाणिवेने तिला त्याची आणखीच माया यायची. छातीत पेसमेकर बसवायची वेळ आली तेव्हा तिनेच धावपळ केली, तिनेच सह्या केल्या, तिनेच त्याच्या ताटातलं मीठ काढून घेतलं. बायको म्हणवणारी ती बाई तेव्हा कुठे होती, हा प्रश्न ती रेक्झिन कापता कापता भिंतीला विचारायची. भिंतही मूग गिळून बसायची.

आणि एका बुधवारी पेंटर गेला. सकाळी चहाचा कप धुवायला उठला, मोरीपाशीच खाली बसला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रडायला अक्काला सवड मिळाली नाही. दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, मृतदेह कुठे न्यायचाय, आणि तिला भावाचाच एक जुना विनोद आठवला. बाजाराच्या टोकाला अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणारं एक ऑफिस होतं. त्यांची पाटी पेंटरनेच रंगवली होती. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि खाली लाल रंगात दहनाच्या खर्चाचा आकडा. तो आकडा चांगला उठून दिसावा म्हणून त्याने दुकानात पुठ्ठ्यांवर पुन्हा पुन्हा गिरवला होता, त्यामुळे अक्काला तो तोंडपाठ होता. मी मेलो की तिथेच ने, म्हणायचा. भाव मला ठाऊक आहे, मीच लिहिलाय.

तेवढे पैसे अक्काने पाकिटात घातले आणि ती तिथे गेली.

काचेमागे टाय लावलेला एक तरुण बसला होता. आवाज इतका मऊ की अक्काला तो नव्या फोमसारखा वाटला, दाबला की आत जाणारा आणि सोडला की पुन्हा वर येणारा. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मग पाणी दिलं, मग खर्चाचा पाढा वाचायला सुरुवात केली. दवाखान्यातून इथवर आणायच्या गाडीचे वेगळे. थंड खोलीचं भाडं वेगळं, तेही दिवसावर. डॉक्टरांच्या दाखल्याची फी वेगळी. पेटीचे वेगळे. अस्थी ज्यात मिळणार त्या डब्याचे वेगळे. अक्का ऐकत राहिली आणि हातातलं पाकीट हळूहळू घामेजत गेलं. मग तिने विचारलं, की बाहेर पाटीवर तर एकच आकडा आहे, त्याचं काय झालं.

टायवाला उठला. अदबीने तिला दाराबाहेर घेऊन गेला आणि पाटीवर बोट ठेवलं. लाल आकड्याच्या शेपटीला, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक शब्द होता: 'पासून'.

अक्काने चष्मा वर केला, खाली केला, पाटीला नाक लावलं. अक्षर भावाचंच होतं. त्याची ती उकाराची लाडिक शेपटी तिने कुठेही ओळखली असती. बाजारात इतकी वर्षं काढलेली बाई, कापडाच्या ताग्यातली एका वितीची खोट लांबून हेरणारी, ती सख्ख्या भावाच्या हाताला फसली. कारण पाटी भावाची आहे म्हटल्यावर तिने ती कधी वाचलीच नव्हती. मालकाने सांगितलं असणार, बारीक लिही, आणि ह्याने विचारलं असणार, किती बारीक. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मालकाच्या, टायवाल्याच्या, आणि दवाखान्यात शांत पडलेल्या त्या भल्या माणसाच्याही दोन कानाखाली वाजवाव्यात असं तिला वाटलं, आणि तिघांपैकी एकही हाताशी नव्हता, टायवालासुद्धा नाही, कारण तो चटकन आत जाऊन टेबलामागे बसला होता.

ती आत आली आणि खुर्चीवर बसली नाही. खुर्चीची शिवण तिरकी होती. ती म्हणाली, "हे बघ बाळा, तू मला काय काय मिळतं ते सांगितलंस. आता कायद्याने काय लागतं तेवढंच सांग."

हा प्रश्न बहुधा फारसं कुणी विचारत नसावं. टायवाल्याने घसा साफ केला. दहनाला डॉक्टरांचा दाखला लागतो. जळू शकेल अशी पेटी लागते, साधी चालते. शरीरात काही यंत्र नाही ना, हे लिहून द्यावं लागतं, कारण ते भट्टीत फुटतं. आणि जवळच्या नातेवाइकाची लेखी परवानगी लागते. बाकीचं काही सक्तीचं नाही. पण बहुतेक कुटुंबं, तो म्हणाला, आतून गादी लावलेली पेटी पसंत करतात, आणि त्याने कोपऱ्यातली नमुन्याची पेटी उघडून दाखवली.

ही त्याची चूक झाली. अक्काने अस्तराच्या कडेत दोन बोटं घातली आणि अस्तर उचललं. खाली भुशासारखा फोमचा चुरा, वर साटीन, आणि तिरके मारलेले स्टेपल. ह्या गादीचे किती, तिने विचारलं. त्याने सांगितलं. तेवढ्या पैशांत अक्काने एक अख्खा सोफा शिवून, शिवाय घरपोच दिला असता. जो माणूस आता कूस बदलणार नाही त्याला हे आणि ज्याला कूस बदलायची आहे त्याला उघडी खाट, असा हा धंदा, आणि वर बोलणं किती गोड. तिने पेटीचं झाकण जरा जोरातच लावलं. सगळ्यात साधी पेटी द्या, म्हणाली, गादी मी शिवून आणते. टायवाल्याने लगेच नियम सांगितले: फोम नको, रेक्झिन नको, रबर नको, धातू तर अजिबात नको, फक्त सुती कापड आणि कापूस. अक्का म्हणाली, कळलं.

"तुमचं नातं काय?" कागद पुढे ओढत त्याने विचारलं.

"बहीण."

"त्यांचं लग्न झालं होतं?"

अक्काने पाकीट ह्या हातातून त्या हातात घेतलं. झालं होतं, ती शेवटी म्हणाली, पण ती बाई आमच्यासाठी कधीच संपली. टायवाल्याने विचारलं, घटस्फोट झाला होता का. नाही. मग परवानगी पत्नीचीच लागेल, तो म्हणाला, पत्नी हयात असताना बहिणीची सही चालत नाही. आणि सही येईपर्यंत थंड खोलीचं भाडं चालू राहील, हेही त्याने त्याच मऊ आवाजात जोडलं.

"छाती फाडायला माझी सही चालली," अक्का म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नाही, बायको कुठाय म्हणून. त्याचं पथ्य मी केलं, त्याची दुखणी मी काढली. आता जाळायला मी परकी?"

टायवाला म्हणाला, नियम त्याने केलेले नाहीत. हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळे अक्काला त्याचा जास्तच राग आला.

भावजय एका बेकरीत काउंटरवर काम करत होती, एवढं अक्काला ऐकून माहीत होतं. चावीवाल्याने नंबर शोधून दिला. अक्काने फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता सांगितलं, तुझा नवरा गेला, सही लागते, उद्या सकाळी ये. पलीकडे बेकरीतले पत्र्याचे ट्रे एकमेकांवर आपटले. मग भावजय म्हणाली, "रविवारी तर..." आणि थांबली. अक्काने पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. काय रविवारी, हे विचारायची तिला गरज वाटली नाही. त्या बाईच्या तोंडून काही अर्थाचं निघेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

त्या संध्याकाळी अक्काने दुकानाची झडप ओढून घेतली आणि गादी शिवायला बसली. दुकानभर नजर फिरवली तर फोम, रेक्झिन, रबराचे पट्टे, लोखंडी खिळ्या-चुकांचे डबे. सगळा जन्म जे शिवलं त्यातलं काहीही भावाबरोबर जायच्या लायकीचं नव्हतं. शेवटी वडिलांच्या वेळची एक कापसाची गादी तिने पोटमाळ्यावरून खाली काढली, ती उसवून कापूस पिंजला आणि पांढऱ्या सुती कापडात भरला. रडू आलं ते तेव्हा, कापूस नाकात गेला म्हणून शिंका आल्या त्यांच्या आडोशाने. मग तिने दाभण घेतलं आणि टाके घातले, असे की कुणी बोट दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी भावजय तिच्या आधीच येऊन बसलेली होती. केस पिकले होते, बोटांच्या पेरांत पिठाची पांढरी रेघ होती. अक्काने तिच्याकडे पाहिलंही नाही. गादी टेबलावर टाकली. टायवाल्याने गादीवरून हात फिरवला आणि थबकला. गादीवर ओळीने बटणं होती, कापड चढवलेली. आत पत्रा आहे ह्यात, तो म्हणाला.

आणि खरंच होता. नियम पाठ करून घरी गेलेली अक्का, सगळा फोम बाजूला सारणारी अक्का, पण गादी म्हटली की हाताने आपोआप बटणं लावली होती. बटणाशिवाय गादी तिने आयुष्यात एकही बाहेर सोडली नव्हती. तिने पिशवीतून कातर काढली आणि तिथेच टेबलावर वाकून एकेक बटण उसवायला लागली. राग एवढा की कातर कापडात जाते की बोटात ह्याचं भान नव्हतं. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, गादीचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरलंय. भावजयीने. सोड म्हणायचं अक्काच्या ओठांवर आलं होतं, पण ताणून धरल्यावर बटण सुटं होतं, हेही खरं.

टायवाल्याने कागद भावजयीपुढे ठेवला आणि एकेक रकाना वाचायला लागला. नाव, वय, पत्ता. अक्का मान खाली घालून ऐकत होती आणि एका प्रश्नाची वाट पाहत होती. तो प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. ही बाई म्हणेल नाही, तिला काय ठाऊक, आणि मग अक्का मान वर करून त्या मऊ आवाजाच्या पोरासमोर विचारणार होती, की ज्या बायकोला नवऱ्याच्या छातीत काय आहे ते माहीत नाही, तिची सही तुम्हाला चालते का. रात्रभर तिने हे वाक्य घोटून तयार ठेवलं होतं. कायद्याने नाही तर नाही, पण ह्या खोलीत तरी भाऊ कुणाचा होता हे ठरणार होतं.

"शरीरात काही यंत्र बसवलेलं होतं का?"

"हो. पेसमेकर," भावजय म्हणाली. "डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. वर एक बारीक व्रण आहे, तो पाऊस आला की खाजायचा."

कातर थांबली.

टायवाला म्हणाला, मग तो आधी काढून घ्यावा लागेल, त्याचा तंत्रज्ञ येतो, त्याचे पैसे वेगळे. भावजय म्हणाली, काढा. मग, जणू नवऱ्यालाच सांगत असल्यासारखी, म्हणाली, त्याची बॅटरी अजून बरीच वर्षं टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते.

अक्काने मान वर केली. तुला कुणी सांगितलं, तिने विचारलं.

"त्यांनीच," भावजय म्हणाली. "दर रविवारी यायचे ना."

"तो नदीवर जायचा."

"गळ माझ्या दाराआड आहे, वन्सं. पहिल्या रविवारी आणून ठेवला, तो तिथेच आहे."

टायवाला कागदांत डोकं खुपसून बसला. अक्काच्या डोळ्यांसमोरून तिने इस्त्री केलेले रविवारचे शर्ट एकामागून एक गेले. सगळे शर्ट तिने इस्त्री केलेले. माझ्या हातची इस्त्री घालून तो तिच्याकडे जात होता, आणि परत येऊन मला माशांची हुशारी सांगत होता. मग परत का नाही नेलंस त्याला, ती कडाडली, माझ्या माळ्यावर कशाला ठेवलंस इतकी वर्षं.

भावजयीनेही आता गादी सोडली. तीही रागावलेली होती, बहुधा खूप आधीपासून. "जिन्यात त्या दिवशी जे बोललात, ते आठवतंय का तुम्हाला? त्यानंतर ते माझ्याकडे आले असते तर तुमचं दार बंद झालं असतं. तुमच्याकडे राहिले तर माझं. दोघींतली एक निवडा म्हटलं असतं, तर पाटीचा रंग ज्याला निवडता येत नाही तो माणूस काय करणार होता? त्यांनी आठवडा वाटून घेतला. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, सांगा एकदा बहिणीला. म्हणायचे, अक्का रागावेल."

अक्काला ह्यावर भांडायचं होतं. पण जो तोंडाला तोंड द्यायला हवा तो आत थंड खोलीत होता, आणि त्याने जन्मभर केलं तेच आत्ताही केलं होतं, दोघींना समोरासमोर सोडून स्वतः गप्प पडून राहिला होता. तिने उरलेली बटणं काढली. भावजयीने पुन्हा टोक धरलं.

सगळ्यात शेवटचा रकाना अस्थींचा होता. अस्थी सही करणाऱ्याच्याच हाती मिळतात, टायवाल्याने सांगितलं, मात्र कुटुंबात दोघांना हव्या असतील तर दोन डब्यांत विभागून देता येतात. दुसऱ्या डब्याचे वेगळे.

"एकच डबा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींचाही आवाज सारखाच चढलेला होता. टायवाल्याची खुर्ची जराशी मागे सरकली. पैसे देताना भावजयीने आपली पर्स उघडली, अक्काने तिचा हात ढकलला, तिने अक्काचा ढकलला, आणि शेवटी निम्मे निम्मे झाले, तेही दोघींनी एकमेकींकडे न पाहता.

दहन झालं. बिनबटणाच्या गादीवर पेंटर गेला, काचेपलीकडून, आवाज न करता. अस्थींचा डबा भावजयीच्या हातात दिला गेला आणि ती बस पकडून निघून गेली. अक्का दुकानात परतली आणि संध्याकाळपर्यंत एका खुर्चीवर चुका ठोकत राहिली. गिऱ्हाइकाला ती खुर्ची पुढे कधी मोडता आली नाही. नियमाने भाऊ तिकडे गेला, तिच्या मनात येत होतं. सगळं केलं मी आणि डबा तिचा.

झडप ओढायच्या वेळेला भावजय दारात उभी राहिली. आत आली, कापडं बाजूला सारून कटिंगच्या टेबलावर डबा ठेवला. "सोमवार ते शनिवार तुमच्याकडेच असायचे," ती म्हणाली. "इथेच राहू दे. रविवारी मी येऊन नेईन, रात्री परत आणून देईन."

अक्काने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "तू कशाला दोन बस बदलत येतेस. मी आणीन."

रविवारी सकाळी तिने डबा स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घातला. त्याच्यासाठी इस्त्री करायला शर्ट नव्हता, म्हणून ते कापडच इस्त्री केलं. मग पोटमाळ्यावर चढली, आणि खाली आली तेव्हा पिशवीत आणखी दोन वस्तू होत्या. सगळ्या वाटेने ती पिशवीशी बडबडत होती. हुशार मासे म्हणे. मला मूर्ख समजलास. अक्का रागावेल काय, आता बघ कशी रागावलीय. समोरून येणारा चावीवाला तिला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. बाजाराच्या टोकाला ते ऑफिस रविवारचं बंद होतं. अक्का तिथे थांबली, आणि तिची बस चुकली.

भावजयीने दार उघडलं. दाराआड भिंतीला टेकून एक गळ उभा होता, दोरी अजून कागदाच्या पट्टीत गुंडाळलेली, एकदाही पाण्यात न गेलेली. अक्काने त्याच्याकडे रागाने पाहून घेतलं. भावजयीने मात्र तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांपासून मनगटापर्यंत लाल रंग लागलेला होता, पदरालाही एक मोठा डाग होता, आणि पिशवीतून ब्रशाचा दांडा वर आला होता.

"हे काय हो, वन्सं?"

"त्या पाटीवरचं 'पासून' मोठं करून आले, आकड्याएवढं," अक्का म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं काम अर्धवट राहिलं होतं. आता हा डबा धर, माझे हात ओले आहेत."